जुना राउटर फेकू नका, मागच्या खोलीत लावा

मागच्या खोलीत वायफाय पोचत नसेल आणि घरात जुना राउटर पडून असेल, तर रिपीटर (वायफाय पकडून पुढे पोचवणारं यंत्र) विकत आणायची घाई करू नका. साधा सिंगल बँडचा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा मुख्य राउटरपासून जुन्या राउटरपर्यंत कॅट ६ ची (नेटवर्कची) केबल ओढा. १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतेय कुठे!

आता खरी गोम सेटिंगमध्ये आहे. केबल जोडायच्या आधी जुना राउटर लॅपटॉपला लावून ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (मुख्य राउटर हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं बघा). मग याचं डीएचसीपी (जोडलेल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायची सोय) बंद करा. मी पहिल्यांदा हेच विसरलो होतो. दोन्ही राउटर पत्ते वाटत बसले, कुणाचा मोबाईल चाले, कुणाचा नाही, आणि मी दोन दिवस इंटरनेटवाल्याला फोन करून त्याचं डोकं खात होतो.

केबलची दोन्ही टोकं दोन्ही राउटरच्या लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायची जागा) घाला. जुन्या राउटरचं वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट (बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन जोडायची जागा) रिकामं ठेवा.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे सारखा ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल मात्र वेगळं: एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११. तरी काही फोन दूरच्या राउटरला चिकटून राहतात. तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं. आणि हो, राउटर लोखंडी कपाटावर ठेवू नका.