बॅशमध्ये अ‍ॅरेतील दुबार घटक कसे काढावेत?

अ‍ॅरेतील (म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या यादीतील) दुबार घटक काढण्यासाठी ‘सॉर्ट -यू’ची, म्हणजे ओळी क्रमाने लावून दुबार ओळी गाळणाऱ्या आज्ञेची, एक ओळ पुरते, असे आपल्या सहकाऱ्यांनी सांगितल्याचे आपण प्रश्नात लिहिले आहे. ती ओळ वापरू नका. याच ओळीमुळे 2011 साली एका चुकीचा ठपका माझ्यावर आला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

त्या वेळी मी सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत संगणकावर नोंदी टंकित करण्याचे काम करत होते. रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीतून, एक शेल स्क्रिप्ट (बॅशसारख्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, म्हणजे शेलसाठी, लिहिलेली आज्ञांची फाइल) चालत असे. ती शाखांची नावे अ‍ॅरेत घेई आणि एकेका शाखेच्या ठेवींची बेरीज करत शेवटी मुख्य शाखेपाशी, म्हणजे साताऱ्यापाशी, थांबे. शाखा सहा होत्या: कऱ्हाड, कोरेगाव, फलटण, वाई, सातारा रोड आणि सातारा. पुढे दुसऱ्या विभागाची यादीही या अ‍ॅरेत जोडण्यात आली आणि नावे दोनदा येऊ लागली, तेव्हा स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या वरिष्ठांनी सगळा अ‍ॅरे अवतरणचिन्हे न लावता ‘सॉर्ट -यू’मधून काढून पुन्हा कंसात भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताळा जमेना. कऱ्हाडच्या ठेवी दोनदा धरल्या गेल्या होत्या आणि सातारा रोडच्या एकदाही नाहीत.

बैठकीत निष्कर्ष निघाला की मी ‘कऱ्हाड’ हे नाव चुकीचे टंकित केले. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती, पण माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. दोन वर्षांनी मी स्वतः शेल शिकले आणि जपून ठेवलेल्या त्या दोन्ही याद्या ‘ओडी’ या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने उलगडून पाहिल्या. माझी यादी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत होती, जिथे शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटते. त्याला हलन्त जोडला की ‘कऱ्हाड’ यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत 18 बाइटांचे होते. दुसऱ्या यादीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत होता, म्हणून तेच नाव 21 बाइटांचे झाले होते. क्रॉनमध्ये लोकॅल, म्हणजे भाषेनुसार तुलना ठरवणारी मांडणी, ‘सी’ असल्यामुळे तुलना बाइटनुसार झाली आणि दोन्ही नावे टिकली. माझे टंकन बरोबर होते.

‘सातारा रोड’चे तर त्या बैठकीत नावही निघाले नाही. अवतरणचिन्हांअभावी शेलने ते नाव मोकळ्या जागेवर तोडले. ‘सातारा’ हा तुकडा खऱ्या साताऱ्यात विलीन झाला आणि ‘रोड’ नावाची नसलेली शाखा शिल्लक राहिली, जिची बेरीज शून्य आली. मुख्य शाखा शेवटीच राहिली, हा स्क्रिप्ट बरोबर असल्याचा वरिष्ठांचा मोठा पुरावा होता. मात्र ‘स’ हा वर्णक्रमात ‘क’, ‘फ’, ‘र’ आणि ‘व’ यांच्यानंतर येतो, एवढेच त्याचे कारण होते. मुख्य शाखा कोरेगावला असती, तर क्रमही बिघडला असता.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. बॅश 4.0 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर ‘डिक्लेअर’ला कॅपिटल ए देऊन, क्रमांकाऐवजी नावाने (कीने) नोंद ठेवणारा असोसिएटिव्ह अ‍ॅरे करा, मूळ अ‍ॅरेवर अवतरणचिन्हांसह फॉर लूप चालवा आणि जो घटक त्यात अजून नोंदलेला नाही तोच नोंदवून नव्या अ‍ॅरेत जोडा. क्रम जसाच्या तसा राहतो. थोडक्यात हवे असेल, तर प्रिंटएफने एका ओळीत एक घटक छापून तो ऑक या मजकूर ओळीओळीने हाताळणाऱ्या साधनाच्या ‘!सीन[$0]++’ या प्रसिद्ध नमुन्यातून (जो प्रत्येक ओळ पहिल्यांदा आली तेवढीच पुढे पाठवतो) काढा आणि ‘मॅपफाइल -टी’ने परत वाचा, मात्र मॅपफाइल पाइपच्या टोकाला ठेवू नका, कारण ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालते आणि भरलेला अ‍ॅरे तिथेच नाहीसा होतो. प्रोसेस सबस्टिट्यूशन (आज्ञेचे फलित फाइलसारखे वाचायला देणारी सोय) वापरा. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये ‘टाइपसेट’ला कॅपिटल यू दिला की काम होते. नुसती ‘युनिक’ ही आज्ञा वापरण्यात अर्थ नाही, ती फक्त लागोपाठच्या ओळी पाहते.

मॅकमध्ये बॅश 3.2 येते, तिथे असोसिएटिव्ह अ‍ॅरे नाहीत आणि मॅपफाइलही नाही. तिथे ऑकचे फलित व्हाइल-रीडने वाचावे लागते. असोसिएटिव्ह अ‍ॅरेत रिकामी की चालत नाही, म्हणून प्रत्येक कीच्या आधी एखादे अक्षर जोडा. घटकांतच नवी ओळ येत असेल, तर ऑकचा मार्ग सोडून लूपच वापरा.

नावे मराठीत असतील, तर तुलनेआधी सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हा संच ‘ऱ’ आणि हलन्त यांत बदलून घ्या. युनिकोडच्या प्रमाणित रूपांतरावर विसंबू नका. ‘र’ आणि खालचा नुक्ता यांचा ‘ऱ’ ते करते, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. आणि काही जुळले नाही, तर टंकित करणाऱ्या व्यक्तीला बोलावण्याआधी बाइट पाहा आणि अ‍ॅरेची लांबी छापा. आमच्याकडे त्या रात्री शाखा सहा होत्या आणि अ‍ॅरेत नावे सात.