भुसा पिंजराभर पसरू नका, ट्रेची सवय त्यातूनच सुरू होते

आपला ससा साडेचार महिन्यांचा आहे, पिंजऱ्यात सुताराकडून आणलेला भुसा सगळीकडे पसरलेला असतो, तो आठवड्यातून दोनदा बदलूनही वास जात नाही आणि बाहेर सोडल्यावर ससा सोफ्यावर लघवी करतो. अशा वेळी कोणते बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यात अंथरायची वस्तू, घ्यावे आणि ठरलेल्या ट्रेमध्येच लघवी-लेंड्या करण्याची सवय त्याला लागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या घरात गेली अकरा वर्षे ससे आहेत. त्या अनुभवावरून सांगते, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. सवय लागत नाही याचे मोठे कारण तो पिंजराभर पसरलेला भुसाच आहे.

ससा स्वभावतः एखादा कोपरा ठरवून तेथेच लघवी करतो, आणि पायाखाली मऊ, ओल शोषून घेणारे काही असेल तर ती जागा त्याला विशेष पसंत पडते. आपण तशीच वस्तू पिंजराभर पसरली, तर सगळा पिंजराच त्याच्या लेखी शौचाची जागा ठरतो, आणि बाहेर आल्यावर तसाच मऊ स्पर्श त्याला सोफ्यावर सापडतो. म्हणून ओल शोषणारी वस्तू फक्त ट्रेमध्ये ठेवावी. बाकीच्या जागेवर सुती सतरंजीचा तुकडा किंवा घट्ट विणीची चटई घालावी, आणि ससा ती कुरतडून गिळत नाही ना, याकडे सुरुवातीचे काही दिवस लक्ष ठेवावे. उघडी जाळी किंवा गुळगुळीत फरशी मात्र नको. कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या सशाच्या तळव्यांना नसतात, नुसते केस असतात. कठीण किंवा ओल्या पृष्ठभागावर ते झिजून जखमा होतात आणि त्या भरून येण्यास फार वेळ लागतो.

सुताराकडचा भुसा आजच बंद करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळ्या) कापताना निघालेली, डिंकाचे रसायन असलेली धूळ मिसळलेली असते, आणि देवदारासारख्या सुवासिक लाकडातून बाहेर पडणारी द्रव्ये सशाच्या यकृतावर ताण आणतात. माझी पहिली मादी, कापशी, सतत शिंकू लागली तेव्हा तिला थंडी बाधली असे समजून मी पिंजऱ्यात आणखी भुसा घातला होता. पशुवैद्यांनी तपासण्याआधीच पिंजऱ्यात काय पसरता, हे विचारले. भुसा काढल्यावर काही दिवसांतच तिची शिंक थांबली, पण तोवर तिला जो त्रास झाला तो माझ्या अज्ञानामुळे झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

ट्रेसाठी मला सर्वांत सोयीच्या वाटतात त्या लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्या, ज्या मांजरांचे लिटर, म्हणजे त्यांच्या शौचाच्या ट्रेमध्ये घालायची ओल शोषणारी वस्तू, म्हणून ‘वूड पेलेट’ या नावाने मिळतात. त्या तयार होताना तापवलेल्या असल्यामुळे लाकडातील त्रासदायक द्रव्ये बरीचशी निघून जातात, आणि लघवी शोषून त्यांचा चुरा होतो. कागदाच्या गोळ्या मिळाल्या तर त्याही उत्तम. काहीच मिळाले नाही, तर वर्तमानपत्राच्या जाड थरावर भाताचा कोरडा पेंढा घालून काम भागते. मात्र तो रोज बदलावा लागतो, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागली नाही ना, हे हुंगून पाहावे लागते. ओल लागताच गोळा बनणारे मांजरांचे चिकणमातीचे लिटर कधीही वापरू नये. ससा ते चघळतो, पोटात ते फुगते, आणि सशाला उलटी करता येत नसल्यामुळे आतडे तुंबण्याचा धोका असतो. मक्याच्या कणसाचे किंवा सोयाचे लिटरही मी याच कारणासाठी टाळते.

ट्रे म्हणून लहान, त्रिकोणी भांडे घेऊ नये. ससा पूर्ण आत बसून वळू शकेल असा पसरट टब घ्यावा आणि एका बाजूची कड कापून बुटकी व गुळगुळीत करावी. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर गोळ्या घालाव्यात आणि एका टोकाला भरपूर सुके गवत ठेवावे. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत ट्रेमध्ये असले की शिकवणीचे अर्धे काम तेच करते.

हा ट्रे आपल्याला सोयीच्या ठिकाणी न ठेवता सशाने निवडलेल्या कोपऱ्यात ठेवावा. पहिले दोन आठवडे सशाला पिंजरा आणि त्यासमोरची थोडी जागा एवढेच क्षेत्र द्यावे, बाहेर पडलेल्या लेंड्या व लघवी टिपलेला कागद ट्रेमध्ये टाकावा, आणि बाहेरची जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसावी; लघवीतील कॅल्शियमचे पांढरे डागही त्याने निघतात. ट्रे रिकामा करताना मूठभर वापरलेल्या गोळ्या परत ठेवाव्यात, म्हणजे त्याला आपली जागा ओळखता येते. चूक झाल्यावर ओरडू नये आणि सशाचे नाक त्या जागी तर मुळीच घासू नये. ससा त्यातून फक्त आपल्याला भिण्यास शिकतो. सोफा काही काळ प्लॅस्टिकने झाकावा किंवा तेथे जाण्याची वाट बंद करावी.

लघवी ट्रेमध्ये होऊ लागली तरी काही कोरड्या लेंड्या बाहेर पडतील, कारण ती त्याची हद्द आखण्याची रीत आहे. द्राक्षांच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या तो थेट शेपटीखालून खातो, ते त्याच्या पोषणासाठी आवश्यक आहे. लघवी आहारानुसार पिवळी, नारिंगी किंवा तांबूसही दिसते. मात्र सवय लागलेला ससा अचानक बाहेर लघवी करू लागला किंवा लघवी करताना कुंथू लागला, तर पशुवैद्यांकडे न्यावे, आणि दहा-बारा तास खाणे व लेंड्या दोन्ही बंद राहिल्या तर सकाळची वाट पाहू नये.

साडेचार महिने हे नेमके वयात येण्याचे वय आहे, आणि नसबंदी झाल्याशिवाय सोफ्यावरची लघवी पूर्ण थांबणे कठीण असते. नराची नसबंदी या वयात होऊ शकते. मादी असेल तर साधारण सहा महिन्यांपर्यंत थांबण्यास सांगतात, आणि तिच्या बाबतीत तर ती जरूर करावी, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. सशांना भूल देण्याचा अनुभव असलेलेच पशुवैद्य शोधावेत. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवण्यास कोणी सांगितले, तर ते सशांचे नेहमीचे जाणकार नाहीत असे समजावे. त्यानंतरही संप्रेरकांचा प्रभाव ओसरण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोवर वरील क्रम तसाच चालू ठेवावा. नर आहे की मादी, हे आपण लिहिलेले नाही. ते कळवलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.