शिया बटरचा स्टॉक भरण्याआधी

हाय,

तुझा मेसेज वाचला, दुकानाची जागा फायनल झाली आणि तिथे शिया बटर ठेवायचं म्हणतेस हे कळून खूप बरं वाटलं. शिया बटर, म्हणजे शियाच्या बियांमधून काढलेलं त्वचेला लावायचं घट्ट फॅट, नक्की ठेव, पण ऑनलाइन सगळ्यात स्वस्त 25 किलोचा बॉक्स दिसला म्हणून लगेच ऑर्डर टाकू नकोस, आधी हे वाच.

हे येतं कुठून ते नीट माहीत करून घे, कारण काउंटरवर हा प्रश्न येणारच. आफ्रिकेत सहाराच्या खाली घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया असा जो पट्टा आहे तिथे शियाची झाडं आपोआप वाढतात, फळं धरायलाच 15-20 वर्षं घेतात. आपल्या मोहाच्याच कुळातलं झाड. मोहासारखीच खाली पडलेली फळं बायका वेचून आणतात, साधारण मे ते ऑगस्ट. मग बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, दळायच्या आणि त्या तपकिरी लगद्यात थोडं थोडं पाणी घालत हाताने फेटत राहायचं, हात भरून येईपर्यंत, तेव्हा कुठे पांढरट फॅट सुटून वर येतं. ते काढून कढवलं की बटर. इतकी मेहनत आहे म्हटल्यावर बायकांच्या सहकारी गटाकडून आलेला माल असेल आणि सप्लायर गटाचं नाव-गाव सांगत असेल तर किलोमागे थोडे जास्त दे, मला तरी ते योग्यच वाटतं.

आता निवड. अनरिफाइंड म्हणजे हस्तिदंती किंवा फिकट बदामी रंग आणि भाजलेल्या बियांचा, किंचित धुराचा वास. रिफाइंड म्हणजे पांढरं, वास जवळपास नाहीच. साबण आणि क्रीम बनवणाऱ्या बायका रिफाइंडच मागतील कारण त्यांना स्वतःचा सुगंध घालायचा असतो, पण तुझं दुकान नॅचरल म्हणून आहे तर मुख्य माल अनरिफाइंडच हवा, रिफाइंड थोडंसं बाजूला ठेव आणि लेबलवर स्पष्ट लिही. पिवळंधमक मिळालं तर रंग कशाने आला ते विचार, घानात काही ठिकाणी एक मूळ घालून पिवळा रंग आणतात, त्यात वाईट काही नाही पण पिवळं म्हणजे जास्त शुद्ध हे खोटं आहे. युगांडाकडचं निलोटिका नावाचं शिया येतं ते जास्त मऊ असतं, आपल्या उकाड्यात सांभाळायला त्रासाचं, सुरुवातीला नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाक. धुराचा वास चालतो, खवट वास अजिबात चालत नाही. जुन्या खोबऱ्याला येतो ना तसला घशात बसणारा वास आला की माल परत, सप्लायर कितीही म्हणाला की शियाचा वास असाच असतो तरी. नखाएवढं मनगटावर चोळून बघ, अंगाच्या उबेने लगेच वितळलं पाहिजे, आणि दहा मिनिटांनी परत वास घे कारण खवटपणा बऱ्याचदा तेव्हा कळतो. नुसत्या नाकावर मात्र भागत नाही, म्हणून प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट माग, त्यात फ्री फॅटी ॲसिड आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू हे दोन आकडे माल किती जुना-खवट झालाय ते सांगतात, पहिला 1 टक्क्याच्या आत आणि दुसरा 10 च्या आत असेल तर मी घेते. बॅच नंबर आणि बॉक्सवरचा नंबर एकच आहे ना तेही बघ, जुनाच रिपोर्ट फिरवणारे खूप आहेत.

स्टॉक कमीच ठेव, पहिल्यांदा 5 किलो पुरे. मागणी दिवाळीनंतर थंडी पडली की वाढते आणि मार्चपासून उतरते, एप्रिल-मे मध्ये तर बटर 35 डिग्रीच्या आसपास वितळतंच, कुरिअरने पाठवलेली डबी गळून ग्राहकाचा फोन येतो. वितळून हळूहळू गार झालं की रवाळ होतं. ते खराब नसतं, मंद आचेवर पूर्ण वितळवून फ्रीजमध्ये पटकन गार केलं की परत गुळगुळीत, हे ग्राहकाला आधीच सांगून टाक म्हणजे रिटर्न येत नाहीत. डबा हवाबंद, उन्हापासून लांब, आणि ओला चमचा चुकूनही नको. भाव स्थिर राहतील असं धरू नकोस, 2025 च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाने कच्च्या बियांची निर्यात सहा महिन्यांसाठी थांबवली, असं काही झालं की दर हलतात.

स्वतःच्या ब्रँडच्या डब्या भरणार असशील तर कॉस्मेटिकचं लायसन्स लागतं, एफडीएच्या ऑफिसात आधी जाऊन ये. आणि एक्झिमा बरा होतो, सनस्क्रीनसारखं काम करतं असलं काही बोर्डावर लिहू नकोस, लोक विश्वासाने लेकराला लावतात गं. कोरड्या त्वचेला, भेगांना, ओठांना छान आहे, एवढं खरं आहे आणि विकायला तेवढं पुरतं.

हो, शेजारी कोकम बटर ठेवच. कोकणात भेगांना भिरंडेल, म्हणजे हेच कोकम बटर, लावणाऱ्या आज्या अजून आहेत, ते शियापेक्षा कडक असतं, वास नसतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून थेट घेता येतं. ज्यांना शियाचा वास सहन होत नाही त्यांना तेच दाखव.

आधी दोन-तीन सप्लायरकडून 100-100 ग्रॅमची सॅम्पल मागव, रिपोर्टचे फोटो मला पाठव आणि वास कसा वाटला ते तुझ्या शब्दांत लिही, मग कोणाकडून घ्यायचं ते बोलू.

ताई