चालू लिनक्स संगणकात दुसरी डिस्क जोडून मिरर करताना

प्रश्न : नौपाड्यात आमचे अक्षरजुळणीचे आणि छपाईचे छोटे कार्यालय आहे. सर्व कामे डेबियन लिनक्स असलेल्या एकाच संगणकावर असतात. त्यातली १ टीबीची हार्ड डिस्क पाच वर्षे चालू आहे. मी तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क आणली आहे. लिनक्स पुन्हा न टाकता दोन्हींचा मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर सतत तीच माहिती राहील अशी जोडी, करता येईल का? एका परिचितांच्या मते पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून एमडीएडीएमला (मिरर बनवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमला) दोन्ही डिस्कची नावे दिली की झाले. कार्यालय रविवारी बंद असते. मी ऐरोलीला राहतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मिरर जरूर करता येईल, पण परिचितांनी सांगितलेल्या मार्गाने जाऊ नका. त्या मार्गाने गेल्यास एमडीएडीएम जुन्या डिस्कवर काहीतरी आहे एवढे सांगून एकदा विचारतो, आणि आपण होकार दिला की पार्टिशनच्या (डिस्कवर आखलेल्या भागाच्या) सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर स्वतःची नोंद लिहून प्रत्यक्ष माहितीची जागा आणखी पुढे सरकवतो. त्यामुळे आपली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, जिथे असायला हवी तिथे सापडत नाही. त्यातच आज्ञेमध्ये नव्या डिस्कचे नाव आधी लिहिले गेले असेल, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली जाते. हे टाळणे अगदी सोपे आहे, म्हणूनच त्यापायी कोणाची वर्षांची कामे जावीत याचे फार वाईट वाटते.

योग्य क्रम असा, की आधी फक्त नव्या डिस्कवर अर्धा मिरर उभा करायचा आणि तो चालतो याची खात्री होईपर्यंत जुन्या डिस्कवर काहीही लिहायचे नाही. मिरर दोन डिस्कचा आहे असे सांगून दुसऱ्या डिस्कच्या नावाच्या जागी ‘मिसिंग’ हा शब्द देण्याची सोय एमडीएडीएममध्ये आहे, आणि आपले सारे काम या एका शब्दावर उभे आहे.

सुरुवातीला जुन्या डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने पाहावी. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न येणाऱ्या, बिघडल्याचा संशय असलेल्या जागा) या ओळीतला आकडा शून्य नसेल, तर त्या डिस्कवरची माहिती उतरवून घ्यावी आणि मिररसाठी तिच्याऐवजी आणखी एक नवी डिस्क आणावी. आकडा शून्य असला तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही.

नव्या डिस्कवरची पार्टिशने जुन्या डिस्कसारखीच करावीत. येथे मापाकडे नीट लक्ष द्यावे. मिरर नव्या डिस्कवर तयार होणार आणि जुनी डिस्क त्यात नंतर येणार, म्हणून नव्या डिस्कचे पार्टिशन जुन्या डिस्कच्या पार्टिशनपेक्षा थोडेही मोठे चालत नाही. शे-दोनशे एमबी कमीच ठेवलेले बरे. संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने (जुनी ती बायोस) सुरू होत असेल, तर त्यासाठीचे छोटे पार्टिशन मिररमध्ये न घेता दोन्ही डिस्कवर स्वतंत्र ठेवावे.

अर्धा मिरर तयार झाला की ‘प्रॉक’ या डिरेक्टरीतल्या ‘एमडीस्टॅट’ या फाइलमध्ये चौकटी कंसात एक ‘यू’ आणि एक अधोरेघ दिसते. यू म्हणजे हजर असलेली डिस्क आणि अधोरेघ म्हणजे रिकामी जागा. आता मिररवर फाइल सिस्टिम तयार करून, शक्यतो पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व माहिती मालकी व परवानग्यांसकट उतरवावी. चालू यंत्रणेवरून प्रत काढल्यास डेटाबेससारख्या सतत बदलणाऱ्या फाइली अर्धवट उतरतात.

बहुतेकांचे काम यानंतर अडते. माहिती पूर्ण उतरलेली असते, पण संगणक सुरू होत नाही. याचे कारण असे, की एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती फाइल सिस्टिम जोडायची त्याच्या यादीत) जुन्याच फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, राहिलेला असतो, किंवा मिररची ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिल्यानंतर इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी वाचली जाणारी छोटी यंत्रणा) नव्याने बनवलेली नसते, किंवा ग्रब हा लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम नव्या डिस्कवर बसवलेला नसतो. या तिन्ही गोष्टी नव्या प्रतीमध्ये सीएचरूट करून, म्हणजे त्या प्रतीलाच चालू यंत्रणा मानून तिच्या आत शिरून, कराव्यात. मग संगणक बंद करून जुन्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढावी आणि तो केवळ नव्या डिस्कवर सुरू करावा. केबल लावलेली राहिली, तर आपण नकळत जुन्याच डिस्कवरून सुरू झालो आहोत हे कळतही नाही. एक आठवडा कार्यालयाचे काम याच स्थितीत चालवावे. रोजच्या कामाची एक प्रत मात्र बाहेर काढत राहावी, कारण या दिवसांत चालू काम पुन्हा एकाच डिस्कवर असते.

पुढच्या रविवारी पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून जुनी डिस्क जोडावी आणि अनुक्रमांक ताडून तिची पार्टिशने नव्या मापाने करावीत. मग तिच्यावरचे पार्टिशन मिररमध्ये घालावे. आता माहिती नव्या डिस्ककडून जुन्या डिस्ककडे वाहू लागते. सेकंदाला १२० एमबी वेग मिळाला, तर १ टीबीला सुमारे सव्वादोन तास लागतात. कंसात दोन ‘यू’ दिसले, तरी जुन्या डिस्कवर ग्रब पुन्हा बसवायला विसरू नये. नाहीतर ज्या दिवशी नवी डिस्क बंद पडेल, त्या दिवशी माहिती सुरक्षित असूनही संगणक सुरू होणार नाही. शेवटी एकेक केबल काढून दोन्ही बाजूंनी संगणक सुरू करून पाहावा. प्रत्येक वेळी काढलेली डिस्क मिररमध्ये परत घ्यावी लागते आणि तिची जुळवणी पूर्ण झाल्यावरच दुसरी केबल काढावी.

एमडीएडीएमच्या देखरेखीच्या सोयीत आपला ईमेल पत्ता भरून चाचणीचा संदेश येतो का ते पाहावे. एक डिस्क गेल्यावरही काम बिनबोभाट चालू राहते, त्यामुळे कळवणारे कोणी नसेल तर महिनोन्महिने एकाच डिस्कवर कारभार चालतो. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रती ताडून पाहतो, पण त्यासाठी त्या वेळी संगणक चालू असावा लागतो. आपले कार्यालय रविवारी बंद असल्याने ही तपासणी दुसऱ्या वारी ठेवावी.

मिरर झाला तरी बाहेरची प्रत बंद करू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बिघडून विजेचा जादा दाब गेला, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. आपण ऐरोलीला राहता ही यात मोठी सोय आहे : दर शनिवारी एक प्रत काढून घरी न्यावी.

प्रश्न : माझ्याकडे लिनक्स असलेला लॅपटॉप आहे. त्यात दुसऱ्या डिस्कला जागा नाही. यूएसबीची बाहेरची डिस्क जोडून मिरर करावा का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : करू नये. केबलला धक्का लागला किंवा लॅपटॉप उचलून दुसरीकडे नेला, की मिरर अर्धा होतो आणि प्रत्येक वेळी डिस्क परत घेऊन जुळवणी करावी लागते. त्याच डिस्कवर रोज संध्याकाळी आरसिंकने प्रत काढून ती कपाटात ठेवणे आपल्या उपयोगाचे आहे. सकाळी पुसलेली फाइल निदान कालच्या प्रतीत तरी सापडेल. मात्र मूळ जागी पुसलेली फाइल प्रतीतूनही काढण्याचा पर्याय आरसिंकमध्ये आहे, तो चालू ठेवू नका.