सिरॅमिक कोटिंग : किती खर्च, किती उपयोग?

प्रश्न : पुढच्या आठवड्यात काळ्या रंगाची नवी एसयूव्ही ताब्यात मिळणार आहे. शोरूमवाले ३८,००० रुपये अधिक जीएसटी घेऊन ‘९एच’ सिरॅमिक कोटिंग करून देतो म्हणतात. पाच वर्षांची वॉरंटी आहे, पण दरवर्षी ३,५०० रुपयांची देखभाल सक्तीची आहे. करून घ्यावं का? (पुणे)

आधी हिशेब मांडू. १८ टक्के जीएसटी धरून ४४,८४० रुपये आणि पुढच्या चार वर्षांच्या देखभालीचे १४,००० असे मिळून ५८,८४० रुपये होतात. म्हणजे वर्षाला पावणेबारा हजारांच्या आसपास. एवढ्या पैशांत नेमकं काय मिळतं?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा, वाळून कडक होणारा द्रव. त्याचा वाळलेला थर साधारण एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, कधी त्याहूनही कमी. कंपनीने रंगावर दिलेला पारदर्शक क्लिअर कोटच ४०-५० मायक्रॉनचा असतो. एवढ्या पातळ थराने दगडाचा टवका अडत नाही, किल्लीचा ओरखडाही अडत नाही. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कसोटीतला आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली थरावर तिरक्या धरून रेटतात आणि कोणती पेन्सिल चरा पाडते ते बघतात. ९एच ही त्या मालिकेतली शेवटच्या टोकाची पेन्सिल. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते कोणत्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतात.

खरा फायदा वेगळा आहे. पाणी आणि चिखल पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, त्यामुळे धुणं निम्म्या कष्टात होतं. रंगाला खोल चमक येते. पक्ष्याची शीट किंवा झाडाचा चीक पडला तर तो रंगात उतरण्याआधी पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. थोडाच. मे महिन्याच्या उन्हात शीट दिवसभर तशीच राहिली, तर कोटिंग असूनही डाग बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा : तुमची गाडी रोज कोण पुसतं? सोसायटीत एकाच बादलीत फडकं बुचकळून ओळीने गाड्या पुसल्या जात असतील, तर काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे वर्षभरात दिसू लागतील, मग कोटिंग कितीही महाग असो. ते फडकं बंद करणं शक्य नसेल, तर हा खर्च करू नका. गाडी आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः दोन बादल्यांनी (एक शॅम्पूची, दुसरी मळलेलं फडकं खळबळायची) धुणार असाल, ती उघड्यावर उभी राहत असेल आणि पाच-सात वर्षं वापरायची असेल, तर कोटिंग जरूर करा. मात्र या किमतीला नको.

चांगल्या स्वतंत्र डिटेलिंग स्टुडिओत (गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या दुकानात) पॉलिशसह हेच काम बऱ्याचदा २०-३० हजारांत होतं. तिथेही पैसे मुख्यतः पॉलिशच्या मेहनतीचेच असतात, बाटलीतला ऐवज तीस ते पन्नास मिलिलिटरच. म्हणून विचारायचे प्रश्न असे : गाडी किती वेळ ठेवून घेणार? सकाळी घेऊन दुपारी परत देणार असतील, तर पॉलिश धड होत नाही आणि जुने ओरखडे थराखाली तसेच राहतात. रंगाची जाडी मीटरने मोजून लिहून देणार का? सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडणार का? वॉरंटीत पाण्याचे डाग, शीट आणि ओरखडे धरले आहेत का? बहुतेक वॉरंटी कागदांत हे तिन्ही वगळलेले असतात. मग उरतं काय, ते शांतपणे वाचा.

शोरूमला एक गोष्ट आधीच लेखी कळवा : ताबा देण्यापूर्वी गाडी धुऊ नका, पुसू नका. नव्या गाडीवरचे पहिले ओरखडे बऱ्याचदा तिथल्या घाईच्या धुण्यातच पडतात.

दगडांच्या टवक्यांची काळजी असेल, तर उपाय पीपीएफ फिल्मचा, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक संरक्षक फिल्मचा. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. संपूर्ण गाडीला लाखाच्या घरात खर्च येऊ शकतो, पण द्रुतगती मार्गावर रोज जाणाऱ्याने फक्त बोनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढंच झाकलं तरी पुष्कळ.

प्रश्न : वर्षापूर्वी कोटिंग केलं. आता बोनेटवर आणि छतावर पांढरे गोल डाग दिसतात, धुऊनही जात नाहीत. कोटिंग नकली होतं का? (छत्रपती संभाजीनगर)

गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जात असेल, तर अस्सल कोटिंगवरही असंच होतं. पाण्याचे थेंब पसरण्याऐवजी टपोरे राहतात आणि वाळताना त्यांतले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एकाच ठिपक्यात साचतात. तापलेल्या पत्र्यावर हे काही मिनिटांत घडतं.

सावलीत, थंड पत्र्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. त्यात भिजवलेलं मायक्रोफायबर डागावर मिनिटभर ठेवा, उचला आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. एकदोनदा करून डाग गेले, तर क्षार वरच होते. नखाला किंवा डोळ्यांना खळगा जाणवत असेल, तर क्षारांनी थर खाल्ला आहे. मग मशीनने पॉलिश करणं भाग आहे आणि तेवढ्या भागाचं कोटिंग निघून जाईल, ते पुन्हा लावावं लागेल. टाइल्स साफ करायचं ॲसिड चुकूनही वापरू नका.

पुढे काळजी एवढीच : शेवटचं पाणी नळाचं किंवा आरओचं गोडं पाणी घ्या आणि गाडी वाऱ्यावर वाळू न देता मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे खारा वारा. कोटिंगने गंज थांबेल का? (रत्नागिरी)

नाही. गंज सांध्यांतून, दारांच्या खालच्या कडांतून, टवके उडालेल्या जागांतून आणि गाडीच्या पोटाखालून लागतो. तिथे हे कोटिंग पोचतच नाही. तेच पैसे खालच्या बाजूच्या अँटी-रस्ट कोटिंगला आणि पावसाळ्यानंतर खालून दाबाने धुण्याला द्या. दारांखालची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली नाहीत ना ते बघा. टवका दिसला की त्याच आठवड्यात टच-अप रंग लावा.

प्रश्न : सहा वर्षांची हॅचबॅक आहे. घरीच कोटिंग करता येईल का? (नाशिक)

येईल, फक्त दोन दिवस आणि बंद जागा हवी. पहिला दिवस सगळा तयारीचा. गाडी शॅम्पूने धुवा. लोखंडाचे कण काढणारा स्प्रे मारून तीन-चार मिनिटं थांबा (जांभळे ओघळ येतील) आणि तो वाळायच्या आत धुऊन टाका. मग शॅम्पूच्या पाण्याचा ओलावा ठेवत क्ले बार (रंगावर रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) हलक्या हाताने फिरवा. क्ले जमिनीवर पडला, तर सरळ फेकून द्या, त्यात अडकलेली वाळू रंग ओरबाडते.

पॉलिशसाठी डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता हेलकावणारं) मशीन वापरा, साधं गोल फिरणारं बफिंग मशीन नवख्या हातात रंग जाळतं. कडा टेपने झाका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. जुन्या गाडीवर प्रत्येक ओरखडा काढायचा हट्ट नको, क्लिअर कोट एकदा घासला गेला की परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी चार भाग या मिश्रणाने पॉलिशचं तेल पुसून काढा. ही पायरी चुकली, तर कोटिंग धरत नाही आणि काही महिन्यांत उतरतं. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. ॲप्लिकेटरवर आठ-दहा थेंब घेऊन दोन फूट बाय दोन फूट भागात आधी आडवं, मग उभं फिरवा. इंद्रधनुषी झाक दिसली की एका मायक्रोफायबरने पुसा, दुसऱ्याने घासून सारखं करा. बाटलीवर दोन मिनिटं लिहिली असली, तरी दमट हवेत आणि कडक उन्हाळ्यात थर लवकर घट्ट होतो, तेव्हा भाग लहान घ्या. पुसायला उशीर झाला की काळपट ठिगळ राहतं. ते पहिल्या तासाभरात दिसलं तर त्यावर पुन्हा थोडं कोटिंग लावून लगेच पुसता येतं, नंतर पॉलिशशिवाय जात नाही. हॅचबॅकला ३० मिलिलिटर पुरतं. वापरलेली फडकी वाळल्यावर काचेसारखी खरखरीत होतात, रंगावर पुन्हा वापरू नका. २४ तास पाणी नको, सात दिवस शॅम्पू नको.

एवढा व्याप नको असेल, तर हजार-दीड हजाराचा सिलिका स्प्रे दर तीन-चार महिन्यांनी, धुतल्यावर लावा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीच्या बहुतेक मालकांना आम्ही हेच सुचवू.

प्रश्न : अपघातानंतर दरवाजा नव्याने रंगवला आहे. लगेच कोटिंग चालेल का? (कोल्हापूर)

महिनाभर थांबा. गॅरेजमधल्या रंगातलं थिनर सावकाश बाहेर पडतं आणि वर थर बसला तर ते आत कोंडतं, चमक मंदावते. रंगाऱ्याने भट्टीत वाळवला असेल, तर किती दिवस थांबायचं ते त्यालाच विचारा.