मेकॅनिकल मुलीला झेपेल का?

पत्राचा सारांश : मुलीला एमएचटी-सीईटीत ९३ पर्सेंटाइल आहेत. शासकीय महाविद्यालयात मेकॅनिकलला प्रवेश मिळण्यासारखा आहे आणि तिलाही तेच हवे आहे. ‘वर्कशॉप, शिफ्ट आणि पुढचा संसार पाहता मुलीला कॉम्प्युटरच बरे,’ असे आईवडिलांचे मत आहे. गावाजवळच्या खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून ती शाखा मिळेल आणि वसतिगृहाचा खर्च वाचेल. मोठा मुलगा पुण्यात राहून मेकॅनिकल शिकला व आज नोकरीत आहे. मुलीची समजूत कशी घालावी, असे वडील विचारतात.

सप्रेम नमस्कार.

मुलीची समजूत घालण्याचे काम मी करणार नाही, हे आधीच सांगते. समजूत घालायचीच असेल तर ती तुमची घालावी लागेल, असे तुमचे पत्र वाचून माझे मत झाले आहे. तीन पानांत तिचे दहावीपासूनचे गुण आहेत, तब्येत नाजूक असल्याचा उल्लेख आहे, भावी सासरच्या माणसांना काय चालेल आणि काय चालणार नाही याचाही अंदाज आहे. पण तिला मेकॅनिकल का हवे आहे, याबद्दल एक वाक्य नाही. मुलगा लहानपणी सायकलची उतरलेली चेन स्वतः बसवत असे, म्हणून त्याला ही शाखा दिली, हे मात्र तुम्ही आवर्जून लिहिले आहे. मुलीने घरात काय उघडून पाहिले आणि काय जोडले, याकडे कोणाचे लक्ष तरी होते का?

याहून अधिक खटकली ती पैशांची गोष्ट. वसतिगृहाचा खर्च झेपणार नाही, असे पहिल्या पानावर लिहून तिसऱ्या पानावर तुम्ही तिच्या लग्नासाठी बँकेत वेगळी ठेव ठेवल्याचे सांगता. मुलाला पुण्यात ठेवण्यासाठी तर तुम्ही शैक्षणिक कर्ज काढले होते. म्हणजे पैसा दोघांसाठीही उभा राहिला, फक्त एकाचा शिक्षणासाठी आणि दुसरीचा लग्नासाठी. नोकरीत स्त्रियांना डावलले जाते, ही तक्रार खरीच आहे. परंतु कित्येक मुली कंपनीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच घरातल्या अशा वाटणीमुळे मागे पडलेल्या असतात, आणि वाटणी करणारे आईवडील जीव लावणारे असल्यामुळे मुलीला त्याविरुद्ध बोलण्याचीही चोरी होते.

शिवाय तुमचा हिशेबही चुकला आहे. तुम्ही इतर मागास वर्गातील असून तुमचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते, मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. वसतिगृहाचे पैसे वाचवण्यासाठी तुम्ही चार वर्षांची फी पदरमोड करून भरायला निघाला आहात.

आता तुमच्या मुख्य समजुतीकडे वळते, कारण ती तुमच्या एकट्याची नाही. कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित कार्यालयातले बैठे काम, त्यामुळे लग्न आणि मुलेबाळे सांभाळून नोकरी टिकते, असे बहुतेक पालक धरून चालतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या नोकरी आणि कमाईच्या अभ्यासासाठी. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की, आज स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी तफावत दिसते तिचा मोठा भाग वेगवेगळ्या व्यवसायांमुळे पडत नाही. एकाच व्यवसायातल्या स्त्री आणि पुरुषामध्येच ती दिसते आणि मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर वाढते. अभ्यास अमेरिकेचा असला तरी कारण आपल्याला अनोळखी नाही. जी नोकरी रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही हजर राहणाऱ्याला बढती देते, तिथे मूल आजारी पडल्यावर घरी धावणारी व्यक्ती मागे पडते, आणि ती व्यक्ती कोण असेल हे बहुधा आधीच ठरलेले असते. सॉफ्टवेअरमध्ये परदेशी ग्राहकाचा फोन आपल्या जेवणाच्या वेळी येतो आणि नवी आवृत्ती चालू करण्याचे काम मध्यरात्री चालते. तेव्हा ‘सोयीची’ शाखा निवडून मुलीचा प्रश्न सुटणार नाही. तो सुटलाच तर घरातले काम कोण किती उचलतो यावर सुटेल, आणि ही सवय सूनबाई यायच्या आत तुमच्या मुलाला लावणे तुमच्या हातात आहे.

वर्कशॉपबद्दलही तुमचे चित्र जुने आहे. नव्या प्रशिक्षणार्थी अभियंत्याला कारखान्यात कोणी घण मारायला लावत नाही. पहिले वर्ष बहुतेक ड्रॉइंग वाचण्यात, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरून उतरलेला भाग मायक्रोमीटरने मोजून मापात आहे की नाही हे पाहण्यात आणि शिफ्ट संपताना किती भाग नाकारले व का, याची नोंद लिहिण्यात जाते. वजन उचलायला होइस्ट असतो, आणि तो मुलग्यांसाठीही असतो. पुण्यात टाटा मोटर्समध्ये हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीचा एक विभाग महिला चालवतात. अर्थात जुळणीवर महिला उभ्या राहिल्या म्हणून प्लांटप्रमुखाच्या खुर्चीतही त्या दिसू लागल्या, असे समजू नका. तिथे अजून फार मोठी दरी आहे.

रात्रपाळीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी घातली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर ती उठवली. या अटी पाळल्या जातात का, हे मुलीने नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारावे. शॉप फ्लोअरपासून, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रे चालतात त्या जागेपासून, महिलांचे स्वच्छतागृह किती लांब आहे, दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस घरापर्यंत सोडते की हायवेच्या फाट्यावर, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नेमायच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्ष कोण आहेत, हे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्यावर एचआरचा माणूस अडखळला तर ते उत्तरच समजावे.

पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, एम.टेक. हे मार्ग मेकॅनिकलवाल्यांना खुले आहेतच. त्यांची चर्चा तिसऱ्या वर्षी करता येईल.

तिच्याशी बोलताना उद्या तिनेच कॉम्प्युटर हवे म्हटले तर तेही द्या, मात्र तो निर्णय तिचा असू द्या आणि प्रवेश कॅपमधूनच घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र याच आठवड्यात काढून ठेवा, ठेवीतली काही रक्कम वसतिगृहासाठी मोकळी करा आणि पसंतीक्रमाचा अर्ज तिला भरू द्या. लॉगिन आणि पासवर्ड तिच्याकडेच असावा. शेवटच्या रात्री घरच्यांनी पसंतीक्रम बदलला आणि मुलीला ते जागावाटपाच्या यादीत कळले, अशा मुली माझ्याकडे येतात, आणि तोवर फारसे काही करता येत नाही.