शंका-समाधान : सरकारी नियमन कुणाच्या बाजूचे?

प्रश्न : नियम सैल झाले की सामान्य माणूस नाडला जातो, असे काही जण म्हणतात, नियम वाढले की उद्योग खुंटतो आणि परवाने देणाऱ्यांचे फावते, असे इतर म्हणतात. मला दोन्ही पटतात. खरे कुणाचे मानावे?

उत्तर : दोन्ही पटणे हा आपला गोंधळ नव्हे. दोघेही बहुधा वेगवेगळ्या नियमांविषयी आणि वेगवेगळ्या माणसांचे नुकसान डोळ्यांपुढे ठेवून बोलत असतात. औषधांच्या बाबतीत तर एकाच कार्यालयाने या दोन्ही तक्रारी ऐकल्या आहेत.

पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले जाणारे थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पुढे गरोदरपणातील मळमळीवरही सर्रास दिले जाऊ लागले. अमेरिकेत त्याच्या परवानगीचा अर्ज १९६० मध्ये अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला. साठ दिवसांत हरकत न घेतल्यास औषध आपोआप मंजूर होईल, असा तेव्हाचा कायदा होता. केल्सी मात्र प्रत्येक वेळी मुदत संपण्यापूर्वी माहिती अपुरी असल्याचे कळवून अर्ज रोखत राहिल्या. कंपनीला ही निव्वळ अडवणूक वाटत होती, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी बाहेरच्या माणसालाही तसेच वाटले असते. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते औषध जर्मनीत मागे घेण्यात आले. त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके प्रामुख्याने हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा कडक केला आणि औषध सुरक्षित आहे एवढेच नव्हे, तर गुणकारी आहे, हेही विक्रीपूर्वी सिद्ध करणे बंधनकारक केले.

ऑक्टोबर १९८८ मध्ये याच प्रशासनाच्या मुख्यालयासमोर एड्सचे रुग्ण आणि त्यांचे साथीदार निदर्शने करीत होते. ज्या सावधगिरीने आधीच्या पिढीतील मुले वाचली, तीच त्यांच्या जिवावर उठली होती, कारण चाचण्या पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याइतके आयुष्य त्यांच्या हाती नव्हते. गंभीर आजारांवरील औषधांना लवकर मंजुरी देण्याची वेगळी वाट १९९२ मध्ये काढण्यात आली. घातक औषधाचा बळी सर्वांना दिसतो. औषध वेळेवर न मिळाल्याने दगावलेल्याचा मृत्यू आजाराच्याच नावावर जमा होतो. त्यामुळे अधिकाऱ्याचा कल ‘थांबवा’ म्हणण्याकडे झुकतो, आणि त्यात मला त्याचा दुष्टपणा दिसत नाही.

प्रश्न : मोठ्या कंपन्या नियमांना विरोध करतात, यावरून नियम सामान्यांच्या हिताचे असतात असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, कारण पुष्कळदा त्यांना नियम हवेच असतात. नियमन हे अनेकदा त्या उद्योगानेच मिळवलेले आणि त्याच्याच सोयीने चालणारे असते, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये मांडले. अमेरिकेत विमानांचे मार्ग आणि भाडी १९३८ पासून सरकारी मंडळ ठरवीत असे, आणि चाळीस वर्षांत त्याने एकाही नव्या कंपनीला देशांतर्गत मुख्य मार्गांच्या विमान कंपन्यांच्या पंक्तीत बसू दिले नाही. १९७८ मध्ये हे नियंत्रण उठवण्याचा कायदा होत असताना बहुतेक प्रस्थापित कंपन्या त्याच्या विरोधात होत्या. स्पर्धा वाढली, तरी विमानांच्या सुरक्षिततेवरील सरकारी देखरेख कायम राहिली. आणि फायद्याचे नाही म्हणून लहान गावांची सेवा बंद पडू नये, यासाठी त्याच कायद्यात अनुदानाची तरतूदही करावी लागली.